पहिलं ऑइल

आजोबांच्या बैलगाडीच्या आखाला एरंडेल लागायचं. हे तेल चिकट, धातूला धरून राहणारं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांतही तेच घालत आणि कॅस्ट्रॉलनं 1909 साली आपलं नाव त्यावरूनच घेतलं, हे मला फार उशिरा कळलं. गावी एवढंच ठाऊक होतं, की आख कुरकुरला की आजोबा गाडी थांबवून खाली उतरणार.

पुण्यात बाबांची चेतक आली आणि तेल थेट पेट्रोलमध्ये पडू लागलं. लीटरमागे वीस मिली टूटी. पंपावरचा माणूस माप ओतायचा आणि बाबा टाकीत डोकावून मगच झाकण लावायचे. ते आकुर्डीजवळच्या एका वर्कशॉपात सिलिंडरचं होनिंग करत, तेव्हा त्यांना ते शोभायचंच. पण टू-स्ट्रोकमध्ये तेल जळून जातं, इंजिनाची हकीकत सांगायला मागे उरत नाही.

ती हकीकत मी प्रथम पाहिली कॉलेजात, सेकंडहँड स्प्लेंडरखाली. नाना पेठेतून वॉशर आणला, ड्रेन बोल्ट सैल केला आणि काळी धार जुन्या परातीत पडली. बाबांनी तिचा थेंब दोन बोटांत चोळून पाहिला. उरलेलं जळकं ऑइल शेजारचे सुतार वाळवीसाठी घेऊन गेले.

आता मी आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला राहतो. स्टेशनभोवती काचेच्या कचेऱ्या, त्यांच्यापलीकडे वेस्टपोर्टचं बंदर. तिथलं पेट्रोलियमहाफेन, म्हणजे तेलाची गोदी, 1889 पासूनची आहे. घरापासून इतक्या जवळ एवढं तेल साठलेलं असताना माझी चिंता जेमतेम पावणेदोन लीटरची होती. मी नवी केटीएम 390 ड्यूक घेतली होती. कंपनी ऑस्ट्रियाची, बांधणी चाकणची. बजाजनं 2007 साली केटीएममध्ये भागीदारी घेतली आणि 2013 पासून ही गाडी चाकणहून जगभर जाऊ लागली. दुकानात ती पाहिली तेव्हा गावाकडचं माणूस भेटल्याचा आनंद झाला, आणि तो आनंद अजून ओसरलेला नाही.

पहिली सर्व्हिस हजार किलोमीटरला. ती इतक्या लवकर का, हे बाबांकडून लहानपणीच ऐकलेलं. होनिंगमुळे सिलिंडरच्या आत तिरप्या बारीक रेघा उमटतात, पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासत घासत नीट बसतात. या घासण्यातून आणि नव्या गिअरांच्या दातांतून निघालेला कीस तेलात उतरतो. तो काढायचा, म्हणून ऑइल बदलायचं.

मग कोणतं घालायचं? पुस्तकात 15डब्ल्यू-50 लिहिलेलं. ऑफिसातल्या एकानं आग्रहानं सांगितलं, इथली थंडी वेगळी, पातळ घाल. मला ते पटेना, म्हणून आकडेच पाहिले. 15डब्ल्यू प्रतीच्या तेलाची थंडीतली चाचणी उणे वीस अंशांना होते. आमच्या समुद्राकाठच्या शहरात पारा उणे दहापर्यंतसुद्धा क्वचित जातो. मागचा 50 हा आकडा तापलेल्या तेलाच्या जाडपणाचा, आणि तापलेल्या इंजिनाला बाहेर पुणं आहे की आम्स्टरडॅम याचं फारसं काही नसतं. म्हणजे चाकणला जे चाललं असतं तेच इथंही.

दुसरा मोह स्वस्त मोटारीच्या तेलाचा. तो मात्र खरोखर घातक. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच तेलात बुडलेले असतात. इंधन वाचवण्यासाठी मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लचच्या प्लेटा तर घर्षणावरच एकमेकींना धरतात. म्हणून जपानी जासो संस्थेनं दुचाकींच्या तेलांच्या वेगळ्या प्रती ठरवल्या: ओल्या क्लचसाठी एमए आणि एमए2, स्कूटरसारख्या गाड्यांसाठी एमबी. ब्रँडवरून भांडणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, आधी डब्याच्या मागे एमए2 आहे का ते पाहा. आधी मिनरल, मग सिंथेटिक, या जुन्या सल्ल्यापेक्षाही मी पुस्तकाचंच ऐकलं.

इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या मेकॅनिकनं मला गाडीजवळ उभं राहू दिलं. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप होता. तो मी पुसून बोटांत चोळला, फोटो काढला आणि बाबांना पाठवला. लगेच फोन आला.

"खडे लागले का रे बोटाला? चकचकीत तुकडा वगैरे?"

"नाही बाबा. नुसती पिठी."

"रिंगा बसल्या मग. आता जरा मोकळी पळव तिला."