गोलाईला तीन चकरा

शिकाऊ लायसनचा अर्ज भरताना चाळिशी उलटलेल्यांना एक जादा कागद लागतो. फॉर्म 1-ए. डॉक्टरने तपासून सही-शिक्का मारायचा, की या माणसाला दिसतं, ऐकू येतं, हातपाय धड आहेत. 2022 च्या जुलैत तो कागद घेऊन मी लातूरला एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझ्या मागे बघत विचारलं, "कुणाचा फॉर्म आहे?" भिंतीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. फॉर्मवर सही कुठं करायची ते मात्र चाळिशी लावल्याशिवाय दिसेना. आपल्याकडे वयाला आणि त्या वयाच्या चष्म्याला एकच नाव आहे, ते सोयीचंच म्हणायचं.

*

लातूरला मी स्वतःसाठी गेले नव्हते. 2021 ला लेकीची दहावी झाली, म्हणजे कोरोनामुळे परीक्षा न होताच झाली. आमच्या भागात, जळकोट, मुखेड, देगलूर, कंधारकडे, दहावीनंतर लेकरू लातूरला जातं आणि पुष्कळदा त्याच्यामागे आई जाते. 'लातूर पॅटर्न' म्हटलं की लोक शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, नीटचे मार्क याबद्दल बोलतात. खाडगाव रोडला, उद्योग भवनाच्या आसपास, एकेका खोलीत शेगडी मांडून बसलेल्या आयांची गोष्ट कुणी काढत नाही.

आमच्या मजल्यावर पाच खोल्या, पाच आया. सकाळचा डबा झाला, लेकरं क्लासला गेली, की दहा ते पाच काहीच काम नाही. सासू नाही, शेत नाही, गोठा नाही, अचानक येणारा पाहुणा नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्हाला रिकामी दुपार मिळाली होती, आणि पहिले दोन महिने आम्ही सगळ्या तिला घाबरून होतो. मग मुखेडची एक एमएस-सीआयटीला जायला लागली. देगलूरची पार्लरचं शिकली. अहमदपूरची झोपायची. दोन वर्षं रोज दुपारी झोपली, पोटभर. मला तिचंही बरोबरच वाटतं.

*

घरमालकीणबाई विचारायच्या, "जळकोट म्हणजे नळदुर्गाजवळचं ना?" ते नव्हे. ते तुळजापूर तालुक्यातलं, हैदराबाद रस्त्यावरचं. आमचं उदगीरच्या पुढं, मुखेडच्या अलीकडं, डोंगरातलं. 1999 साली तालुका झालं, म्हणजे गाव जुनं आणि तहसील माझ्या लग्नापेक्षा लहान. आमच्या रस्त्यावर एमएच 24 आणि एमएच 26 सारख्याच दिसतात. अर्धं गाव लातूरला कोर्टकचेरी करतं, अर्ध्याचे सोयरे नांदेडला.

*

स्कूटी लेकीसाठी घेतली. पहाटे सहाचा क्लास, रात्री नऊला सुटणारा क्लास. ह्यांनी शोरूममध्ये हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. लेक सोळा वर्षांची आहे आणि अठराच्या आत असली गाडी चालवायचं लायसन मिळत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आठव्या दिवशी चौकात पोलिसाने अडवलं. गाडी खोलीसमोर उभी राहिली. हे फोनवर म्हणाले, "विकून टाकू." लेक म्हणाली, "मम्मी, तूच शीक की."

असं आहे ते. नवीन काही शिकावं म्हणून मी शिकले नाही. दारात उभ्या असलेल्या गाडीचा हप्ता चालू होता.

*

शिकवायला लेक. रविवारी सकाळी, मोकळ्या मैदानात. ती मागे बसायची आणि मी तिला लहानपणी ज्या सुरात पाढे म्हणायला लावायचे त्याच सुरात ओरडायची. "समोर बघ, चाकाकडं नको बघू." चाकाकडे न बघता चालवायचं, हे शेचाळीस वर्षांच्या बाईला पटायला वेळ लागतो. आम्ही आजवर खाली बघूनच चाललो.

पडण्याचं दुखणं दोन दिवसांत जातं. बाजूला क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत राहतात, ते जात नाही. ज्या वयात सगळे आपल्याला विचारून करतात, लोणच्याला मीठ किती, बाळंतिणीला काय द्यायचं, त्या वयात आपण ब्रेक कुठला नि ॲक्सिलरेटर कुठला हे विचारत उभं राहायचं. गुडघा फुटला तर हळद असते. याला काही लावता येत नाही.

*

पक्कं लायसन मिळाल्यावर एकटी गंजगोलाईला गेले. मिरची आणायची होती. 1917 ची ही गोलाई, सोळा रस्ते येऊन मिळतात. सोनं, चपला, गूळ, मिरची, ज्याचा त्याचा रस्ता वेगळा. पायी मला सगळे पाठ होते. गाडीवरून मात्र सोळाही सारखेच दिसायला लागले. आत शिरले ती फिरतच राहिले. डावीकडे वळायचं तर मागून ऑटो, थांबायचं तर हातगाडा. एक चक्कर झाली, दुसरी झाली. तिसऱ्या चकरेला मिरचीवाल्याने ओळखलं. गोलाईच्या मधोमध जगदंबेचं देऊळ आहे. तो हात जोडून म्हणाला, "अक्का, प्रदक्षिणा झाल्या की. आता दर्शन घ्या नि उतरा."

उतरले. दर्शनही घेतलं. पाव किलो जास्त मिरची घेतली, का ते माहीत नाही.

*

लायसन तिशी ते पन्नाशीत काढलं तर दहा वर्षं चालतं. माझ्यावर 2032 लिहिलंय. 2032 साली मी काय करत असेन, याचा विचार त्याआधी कधी केला नव्हता. लेकीचा केला होता, जमिनीच्या वाटणीचा केला होता.

*

एप्रिल 2022 मध्ये उदगीरला साहित्य संमेलन होतं, पंच्याण्णवावं. भारत सासणे अध्यक्ष. रविवारी लेकीची टेस्ट होती म्हणून मी एकटीच लातूरहून बसने गेले. ग्रंथप्रदर्शनात 'लमाण' नावाचं पुस्तक दिसलं. आमच्या तालुक्यात तांडे पुष्कळ, मला वाटलं तांड्यावरचं असेल. घेतलं. खोलीवर येऊन उघडलं तर आत डॉक्टर श्रीराम लागू! नट म्हणजे इकडचा माल तिकडे पोचवणारा लमाण, असं त्यांचं म्हणणं. चांगली चाललेली कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून 1969 साली, बेचाळिसाव्या वर्षी, ते पूर्णवेळ नट झाले.

वाचून मी भारावले वगैरे, पण खरं सांगायचं तर अशा गोष्टींचा आरटीओच्या रांगेत उपयोग होत नाही. त्यांना नाटकाचं वेड आधीपासून होतं, आणि परत जायला दवाखानाही होता. मला वेड कशाचंच नव्हतं. मी वेडाची वाट बघत बसले असते तर अजून ऑटोलाच हात करत असते.

*

वेडाशिवाय शिकलेली आणखी एक म्हणजे माझी मावशी, औसा तालुक्यात दिलेली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, भूकंप. विसर्जनाहून लोक येऊन नुकते निजले होते. तिच्या गावात माणसं वाचली, घरं तडकली. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर माळवद. माळवदाच्या मातीचं वजनच किल्लारीला लोकांच्या अंगावर आलं होतं. पार गेलेली गावं दुसरीकडे वसवली. तडकलेल्या घरांना जागतिक बँकेच्या कर्जातून दुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळायला लागले. ती कामं लोकांना समजावून सांगायला प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग'ने गावोगाव बायकाच उभ्या केल्या. नाव 'संवाद सहायक'. मावशी त्यातली एक. तेव्हा एक्केचाळीस वर्षांची, चौथी शिकलेली.

मी सुट्टीत गेले तर मावशीच्या कमरेला चाव्यांच्या जुडग्याशेजारी मोजायचा टेप. गवंड्याला म्हणत होती, "हितं आरपार दगड घातला न्हाईस. भिंतीचे दोन पापुद्रे सुटे हायेत. काढ ते." गवंडी माझ्या काकाकडे बघायला लागला. काका दुसरीकडे बघायला लागले. गवंड्याने दगड काढला.

मावशीला बदल हवा होता असं कुणी म्हणू नये. घर तडकलं म्हणून ती बाहेर आली. नंतर दुष्काळाच्या वर्षांत त्याच संस्थेच्या बायकांनी नवऱ्यांकडे एकेक एकर मागितलं, खाण्यापुरतं पिकवायला, भाजी, डाळी, ज्वारी. मावशी तेव्हा साठीची. काकांनी दगडाळ कोपरा दिला. तिने टेपने मोजून घेतला.

*

आमच्या ह्यांचं. वडिलांच्या वेळी रानात ज्वारी, तूर, कापूस. ह्यांनी सोयाबीन आणलं. मग पेरणी सोडून बेडवर टोकण केली, मग ठिबक. बियाणं बदललं, खत बदललं, बैल जाऊन ट्रॅक्टर आला. पन्नाशीच्या आत अख्खं रान बदललं, त्याला गावात कुणी 'या वयात कशाला' म्हणालं नाही. मी स्कूटी शिकले तर म्हणाले.

पण एक सांगायला हवं. मी लातूरला असताना हे कुकर लावायला शिकले. पहिल्या आठवड्यात शिट्ट्या मोजायच्या विसरले आणि वरणाने छत गाठलं. डाग अजून आहे. पाहुण्यांना ते 'गळतीचा' सांगतात.

*

सगळं जमलं असं नाही. पेटी तीन महिने शिकले, सारेगमच्या पुढे बोटं गेली नाहीत. इंग्रजी बोलायच्या क्लासला चौदा दिवस गेले. योगासनांचं तर बोलायलाच नको.

*

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच उन्हाळ्यात मी खोली सोडून जळकोटला परत आले, सामान टेम्पोत, गाडी टेम्पोत, मी बसमध्ये, अर्ध्या तिकिटात. लेक पुढं होस्टेलला गेली.

बरोबर एक वर्षाने, 17 मार्च 2024, रविवार, जिल्हा परिषदेच्या शाळेत 'उल्लास' या प्रौढांच्या साक्षरता कार्यक्रमाची चाचणी. 150 मार्क, वाचन, लेखन, संख्याज्ञान पन्नास-पन्नास. मी स्वयंसेवक होते, माझ्याकडे तांड्यावरची एक बाई शिकायला होती. तिला मी याडी म्हणते, म्हणजे आई; पंचावन्नच्या पुढची. पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरायची, शिसं तुटायचं. संख्याज्ञानात तिला मी काय शिकवणार? ऊसतोडीला जाऊन जाऊन मुकादमाची उचल, टनाचा भाव, कोयत्यामागं किती, सगळं तोंडपाठ. अडायचं ते स्वतःच्या नावाच्या जोडाक्षरावर.

सकाळी दहा ते पाच, आपल्या सवडीने येऊन पेपर द्यायचा. ती दहाला पाच कमी असताना दारात. दंडापर्यंतच्या बांगड्या बाकावर वाजत होत्या. तीन तास लिहिलं तिने.

पास झाली. मग एके दिवशी पेटीच्या तळातला एक जुना कागद घेऊन आली, कधीतरी अंगठा दिलेला, उचलीचा. माझ्यासमोर बसून बोट ठेवून आकडा वाचला. मुकादमाने बरोबर लिहिला होता. तिला जरा वाईटच वाटलं.

*

गाडी आता जळकोटच्या वाड्यात, जुन्या सतरंजीखाली. तहसीलला, बँकेला, शेतात डबा द्यायला मीच नेते. पहिले काही महिने बाजारात आवाज यायचा, "कुठं चाललालीस ग?" आता येत नाही. लेक दिवाळीला आली तर चावी माझ्याकडे मागावी लागली, ते तिला आवडलं नाही.

आत्या, माझ्या सासूबाई, बहात्तर वर्षांच्या. दोन वर्षं त्यांनी गाडीकडे बघितलं नाही. श्रावणात सोमवारी म्हणाल्या, "देवळात सोडतीस का? गुडघे दुखलालेत." एका बाजूला पाय करून बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात बेलाची पिशवी. मी अगदी सावकाश चालवत होते. चौकात म्हशी आडव्या आल्या, थांबले. मला वाटलं आता म्हणतील, उतरते मी. खांद्यावरची बोटं घट्ट झाली.

"हॉर्न वाजीव की," आत्या म्हणाल्या. "का नुसता शोभेला हाय?"