अण्णांच्या सीटचा खळगा

आमच्या घरात ‘मोबाईल’ हा शब्द फोनच्या कितीतरी आधी आला. टेल्कोने १९८८ साली बाजारात आणलेली टाटामोबाईल पिकअप अण्णांनी दोन वर्षांनी घेतली. त्या गाडीच्या सांगाड्यावर पुढे सिएरा उभी राहिली. पण निफाडकडच्या आमच्या मळ्यात ‘मोबाईल काढा’ म्हटलं, की द्राक्षांचे क्रेट भरायला लागायचे.

केबिनमध्ये डिझेल, तापलेलं रेक्झिन आणि भुरीवर मारायच्या गंधकाचा वास असे. तीस वर्षांत अण्णांच्या बसण्याने सीटला खळगा पडला होता. मी गाडी शिकले तेव्हा त्यात इतकी बुडायचे, की समोरचं बॉनेटच दिसेना. मग अण्णांनी गोणपाटाची चौपदरी घडी करून माझ्याखाली सरकवली. ती घडी सीटमागे कायमची राहिली.

अण्णा गेल्यावर गाडी तीन वर्षं शेडमध्ये होती. आता रोज नाशिकला जायला तीच वापरायची, असं मी ठरवलं. इंजिन थोडक्यात मार्गी लागलं. आत मात्र हात लावू तिथे कुजलेलं. पुढच्या काचेचं रबर तडकून पाणी पायाशी मुरलं होतं आणि मॅट उचलली तर पत्र्यातून खालची जमीन दिसली. नवा पत्रा जोडला, रेड ऑक्साईड मारलं, आवाज मरावा म्हणून वर नमदा आणि शेवटी जाड रबरी मॅट. गालिचा नको म्हटलं. मळ्यातल्या चिखलाचे पाय रोज आत येणार.

दारांचे हार्डबोर्ड फुगून पापडासारखे सुटले होते. काचेवरून ओघळणारं पाणी दारात उतरतंच; ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. आमची भोकं मातीने बुजलेली. नवे बोर्ड बसवण्याआधी मी स्वतः तार घालून ती मोकळी केली. हे केलं नसतं तर कितीही देखणं काम दोन पावसाळ्यांत गेलं असतं. सीटबेल्टचे पट्टेही नव्याने बसवले. नुसता बोल्ट पत्रा फाडतो, म्हणून मागे जाड पट्टी लावून.

सीट सोलताना मात्र मी बाहेर जाऊन उभी राहिले. कुशनवाल्या चाचांनी हाक मारली. “ताई, काथ्याचा भुगा झालाय. खळगा ठेवता येणार नाही. तुमच्या उंचीने करू?”

मी उघड्या स्प्रिंगांवर फळी टाकून बसले आणि त्यांनी माप घेतलं. उन्हात रेक्झिन भाजतं, म्हणून मध्ये जाड सुती कापड, कडांना रेक्झिन. स्प्रिंगांवर आधी गोणपाट अंथरतात, त्यावर काथ्या, मग फोम. चाचा नवं गोणपाट कापायला निघाले, तेव्हा मी सीटमागची ती घडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती झटकली, उलगडून पाहिली आणि स्प्रिंगांवर ताणून शिवली.

आता बसलं की बॉनेट पार टोकापर्यंत दिसतं.