आव्वाज कुणाचा... बटलरचा!

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात पाच-साडेपाच हजार विद्यार्थ्यांचं एक विद्यापीठ आहे. त्याचा बास्केटबॉलचा संघ दोन वेळा देशाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. तरीही त्याचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या त्याच मैदानात येऊन बसतात. कशासाठी? एका शनिवारी दुपारी त्यांच्यात बसून घेतलेला हा अनुभव.

‘‘हा निळा मफलर गळ्यात अडकव. आणि हो, पाहुण्या संघाने गुण मिळवला तर टाळ्या वाजवू नकोस. आजी बोलणार नाहीत काही, पण मनाला लावून घेतील!’’

वहिनीने दारातच ताकीद दिली. बाहेर पायरीवर शेजारच्या आजी उभ्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर निळी-पांढरी लोकरीची टोपी, हातात लहानशी वही आणि शिसपेन्सिल. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग साचलेले. मी म्हटलं, गाडीने जाऊया का? आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आळंदीला रिक्षाने जाऊया म्हटलं असावं! मुकाट्याने चालू लागले.

मी इंडियानापोलिसला आले होते मावसभावाकडे, सुट्टीसाठी. इंडियाना हे राज्य पुणेकरांना तसं परकं नाही. कमिन्स ही इंजिनं बनवणारी कंपनी इथल्या कोलंबस गावची. १९६२ साली किर्लोस्करांच्या जोडीने तिने पुण्यात बस्तान बसवलं. तेव्हापासून पुणे-इंडियाना अशी इंजिनिअर मंडळींची ये-जा चालूच आहे. दादाही त्याच वाटेने आला आणि इथलाच झाला. पुण्यात मावशी एकटी. असो.

दादाचं घर बटलर विद्यापीठाच्या अगदी जवळ. जुनी झाडं, पुढे ओसरी असलेली टुमदार घरं. इथे घराघरांवर बुलडॉग कुत्र्याचं चित्र असलेला झेंडा लावलेला दिसतो. बुलडॉग हे बटलरच्या संघांचं बोधचिन्ह. नुसतं चित्रातलं नव्हे बरं का! २००० सालापासून विद्यापीठाने खराखुरा बुलडॉग पाळला आहे. त्याचं नाव ‘बटलर ब्ल्यू’. एक निवृत्त झाला, की गादीवर दुसरा येतो. सामन्याच्या दिवशी त्याची मिजास एखाद्या संस्थानिकासारखी असते.

ऊन पडणारं मैदान

दहा मिनिटं चालल्यावर समोर आलं हिंकल फील्डहाऊस. लाल विटांची, कमानदार छपराची अवाढव्य इमारत. लांबून एखादी जुनी कापडगिरणीच वाटावी! आत शिरले आणि थबकले. अमेरिकेतली खेळाची स्टेडियमं म्हणजे झगमगते दिवे, कानठळ्या बसवणारं संगीत, असं मनात धरून आले होते. इथे वरच्या मोठाल्या खिडक्यांतून हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट खेळाच्या जागेवर सांडत होतं.

हे फील्डहाऊस १९२८ साली उघडलं. पहिल्याच सामन्यात बटलरने नोत्र दाम या बड्या विद्यापीठाला हरवलं. त्यानंतर वीसेक वर्षं देशात बास्केटबॉलसाठी एवढी मोठी वास्तू दुसरी नव्हती. पंधरा हजार माणसं मावत. आता बैठकव्यवस्था बदलून नऊ हजारांच्या आसपास मावतात. दुसऱ्या महायुद्धात इथे सैनिकांचा मुक्काम होता. १९८७ साली सरकारने हिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

नाव आहे टोनी हिंकल यांचं. त्यांनी बटलरमध्ये बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही संघ घडवले. १९७० पर्यंत ते प्रशिक्षक होते. बास्केटबॉलचा चेंडू आज नारिंगी दिसतो ना? पूर्वी तो तपकिरी असे आणि प्रेक्षकांना लांबून नीट दिसत नसे. म्हणून हिंकल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्पाल्डिंग कंपनीबरोबर नारिंगी चेंडू तयार करवून घेतला. जगभरच्या पोरांच्या हातात आज तोच रंग आहे.

‘‘मी इथे शिकत होते, तेव्हा ते स्वतः त्या तिथे बसायचे,’’ आजींनी पेन्सिलीने दाखवलं. निवृत्तीपर्यंत त्या शाळेत गणित शिकवत होत्या. त्यामुळे वहीत प्रत्येक खेळाडूचा हिशेब चोख!

एकशे एकसष्ट मुलांची शाळा

इंडियानात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट आणि कुस्ती एकत्र केल्यासारखं प्रकरण. शालेय स्पर्धेचे अंतिम सामने वर्षानुवर्षं याच फील्डहाऊसमध्ये होत. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातली जेमतेम १६१ विद्यार्थ्यांची शाळा इथे अंतिम फेरीत आली. समोर मन्सी सेंट्रल ही शहरातली तगडी शाळा. बॉबी प्लम्प या पोराने शेवटच्या क्षणी चेंडू टाकला आणि मायलन ३२-३० असं जिंकलं! हाच प्लम्प पुढे बटलरकडून खेळला. याच कथेवर बेतलेला ‘हूझियर्स’ हा चित्रपट १९८६ साली आला. त्यातला शेवटचा सामनाही इथेच चित्रित झाला आहे.

पण आजींनी मला दुसरी गोष्टही आवर्जून सांगितली. पुढच्याच वर्षी, १९५५ साली, इंडियानापोलिसची क्रिस्पस अटक्स ही कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा इथेच राज्याची विजेती झाली. संघात ऑस्कर रॉबर्टसन होता, पुढे जगप्रसिद्ध झालेला. विजेत्यांनी शहराच्या मध्यवर्ती चौकात जल्लोष करायचा, ही रीत. या मुलांना मात्र अग्निशमन दलाच्या गाडीवरून चौकाला एक फेरी मारून थेट कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बागेत नेलं गेलं. रॉबर्टसनच्या मनातला तो सल कधीच गेला नाही.

‘‘मायलनची गोष्ट सगळे सांगतात. ही पण सांगायला हवी. दोन्ही याच छपराखाली घडल्या,’’ आजी म्हणाल्या.

आणि तो चेंडू...

एव्हाना सामना सुरू झाला होता. विद्यापीठातल्या पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत होतो. विद्यार्थ्यांचा घोळका एका टोकाला उभा राहून गर्जत होता, बँड वाजत होता. मला आठवलं पुण्याचं भरत नाट्य मंदिर. पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका सुरू होण्यापूर्वी ‘आव्वाज कुणाचा?’ असा पुकारा होतो आणि थिएटर दणाणून जातं, अगदी तस्सं! आपल्याकडे विद्यापीठांच्या खेळांना मात्र असं भाग्य क्वचितच लाभतं. रोहिंटन बारिया करंडकासाठी आपली विद्यापीठं १९३५ पासून क्रिकेट खेळत आहेत. सुनील गावसकरही त्या स्पर्धेत खेळले. पण आज त्या सामन्यांना सहकुटुंब, डबा घेऊन जाणारं घर तुमच्या ओळखीत आहे का?

मध्यंतरात मी तो विषय काढला. बटलरच्या चाहत्यासमोर काढू नये, असं दादाने बजावूनही काढला! २०१० चा अंतिम सामना.

अमेरिकेत दर मार्चमध्ये देशभरच्या विद्यापीठांची बाद फेरीची स्पर्धा होते. ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात तिला. हरला की घरी! त्या वर्षी बटलरने सिराक्यूज, कॅन्सस स्टेट, मिशिगन स्टेट अशा नामवंतांना एकामागोमाग एक धूळ चारली. प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स अवघे तेहतीस वर्षांचे. अंतिम सामना योगायोगाने इंडियानापोलिसमध्येच, विद्यापीठापासून नऊ-दहा किलोमीटरवर. ५ एप्रिल, सोमवार. सकाळी खेळाडू नेहमीप्रमाणे वर्गात जाऊन बसले आणि रात्री सत्तर हजार प्रेक्षकांसमोर ड्यूक विद्यापीठाशी खेळायला उतरले. ड्यूक तोवर तीन वेळा विजेतं झालेलं.

शेवटचे काही सेकंद. ड्यूक ६१, बटलर ५९. गॉर्डन हेवर्ड चेंडू घेऊन धावला आणि अर्ध्या मैदानावरून त्याने तो फेकला. आत गेला असता तर तीन गुण आणि विजेतेपद! चेंडू फळीवर आदळला, कडीला लागला... आणि बाहेर पडला.

‘‘मी तिथे होते,’’ आजी म्हणाल्या. वही उघडली नाही. ‘‘पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात गेलो. कनेक्टिकटने ५३-४१ असं हरवलं. त्या दिवशी आमचे चौसष्टपैकी बाराच नेम लागले. चौसष्टपैकी बारा!’’ गणिताच्या बाईंना तो आकडा अजून टोचत होता.

मुलं जातात...

त्यानंतर काय झालं? हेवर्ड २०१० मध्येच व्यावसायिक संघात गेला. २०१३ साली ब्रॅड स्टीव्हन्स बोस्टनच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी बटलर ‘बिग ईस्ट’ या मातब्बर विद्यापीठांच्या गटात आलं. मान वाढला, पण जिंकणं अवघड झालं.

अलीकडे तर नियमच पालटले. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना जाहिरातींतून पैसे मिळवता येतात आणि वर्षभर बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाता येतं. २०२५ पासून विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. चार-चार वर्षं एकाच संघात राहणारी मुलं आता विरळा.

‘‘गेल्या उन्हाळ्यात दोन मुलं गेली,’’ आजी सांगू लागल्या. ‘‘पहिल्या वर्षी बावरलेली होती. बाहेर भेटली की मी विचारायची, घरी फोन करतोस ना रे? छान तयार झाली आणि दुसरीकडून जास्त पैसे आले तशी गेली. मला इतका राग आला! हंगामाच्या तिकिटांचं पत्र आलं, ते फ्रिजवर तीन आठवडे तसंच लावून ठेवलं. ठरवलं, बस्स झालं.’’

‘‘मग?’’

‘‘मग एका संध्याकाळी फिरत फिरत इथे आले. विचार केला, त्या मुलांना पैसे मिळू नयेत असं मला वाटतं का? मुळीच नाही. इतकी वर्षं त्यांच्या घामावर बाकी सगळे कमावत होते. मुलं जातात, जायलाच हवीत. पण मुलं गेली म्हणून आपण घर बंद करतो का?’’

मी काहीच बोलले नाही. मला पुण्यातली मावशी आठवत होती.

दुसऱ्या डावात बटलरने चुरस आणली. एकदा तर दोनच गुणांचा फरक उरला. सगळं फील्डहाऊस उभं राहिलं, मीही मफलर फडकवत ओरडत होते, मराठीत! पण शेवटी दमछाक झाली आणि सामना हातचा गेला. आजींनी वहीत आकडे मांडले, खाली रेघ मारली. तरी लोक उठेनात. खेळाडू आत जाईपर्यंत सगळे टाळ्या वाजवत उभे होते.

परतताना मी म्हटलं, ‘‘वाईट वाटलं हो.’’

‘‘वाटायलाच हवं,’’ आजी म्हणाल्या. ‘‘बुधवारी मुलींचा सामना आहे. तिथे गर्दी कमी असते, म्हणून मी चुकवत नाही. येतेस?’’ मुलींचे सामने, व्हॉलीबॉल आणि शिष्यवृत्तीविना खेळणारा फुटबॉलचा संघ, आजींच्या वहीत सगळ्यांना जागा आहे.

रात्री नऊला पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात. मावशीला सगळं सांगितलं. मैदान, ऊन, आजी, वही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘अगं, दादाची खोली परवाच रंगवून घेतली. या दिवाळीला येतो म्हणालाय. बघू या.’’ जरा थांबून तिनेच विचारलं, ‘‘आणि काय गं, त्या आजींची पुढची मॅच कधी आहे म्हणालीस?’’

जाणार असाल तर...

बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत असतो. तेव्हा कडाक्याची थंडी पडते, गरम कपडे हवेतच. खिडक्यांतलं ऊन पाहायचं तर दुपारचा सामना निवडा. शिकागोहून मोटारीने इंडियानापोलिस साधारण तीन तासांवर आहे. मुलं बरोबर असतील तर इथलं भव्य चिल्ड्रन्स म्युझियम चुकवू नका. विद्यापीठाला लागूनच जुना कालवा आणि होलकॉम्ब बाग आहे. शाकाहारी मंडळींना मैदानावर पॉपकॉर्नचा आधार!