कॉर्नर आणि कव्हर

जिल्ह्याचा कबड्डी संघ म्हणजे बारा नावं. सात मैदानात, पाच राखीव. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तालुकेही १२, आणि या जुळणीनं निवडीचं काम अवघड करून ठेवलं आहे. चंदगडपासून शिरोळपर्यंत प्रत्येक तालुक्याला वाटतं, यादीत आपलं एक तरी नाव हवंच. यंदा कुमार गटाच्या निवडीला मलाही बसायला बोलावलं. गगनबावडा तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळ शिकवतो. बारा तालुक्यांत लोकसंख्येनं सगळ्यांत लहान आमचाच. त्यामुळं माझ्याकडून एका नावाची अपेक्षा होती. मी दोन घेऊन गेलो, आणि दोन्ही घ्या नाहीतर एकही घेऊ नका, असं सांगितलं.

ही दोन पोरं कशी घडली ते सांगायचं तर आधी पाऊस सांगावा लागतो. गगनबावड्यात वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत मैदान म्हणून काही उरतच नाही. तांबड्या मातीचा चिखल होतो, धुकं एवढं की पलीकडच्या गोलखांबाजवळ कोण उभं आहे ते दिसत नाही. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की कोल्हापूरची एसटी बंद, म्हणजे शहरातल्या हॉलमध्ये मॅटवर सरावाला जाण्याचा विचारही सोडायचा. उरतो शाळेचा वऱ्हांडा. तिथं चढाईचा सराव होत नाही. चढाईला आडवी धाव लागते, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला झुलत जावं लागतं, आणि वऱ्हांड्याला तेवढी रुंदी नसते. एक पोरगा दम घेत आत येतो, भिंतीकडं कॉर्नर उभा, त्याच्या थोडं पुढं कव्हर. एवढंच जमतं. पण चार महिने एवढंच केलं की पकड पक्की होते. आमच्या तालुक्यातून चढाईपटू फार निघत नाहीत आणि पकडीचे गडी निघतात, त्याचं कारण मला हेच वाटतं.

कॉर्नर एकटा पकड करतो हा बघणाऱ्याचा समज आहे. चढाईपटू निदानरेषा ओलांडून बोनसला पाय टाकतो, तेव्हा कॉर्नर त्याच्या घोट्यावर झेप घेतो. घोटा हातात आला तरी काम अर्धंच झालेलं असतं. चढाईपटूचं सगळं अंग आता मध्यरेषेकडं वळलेलं असतं आणि पुरुषांच्या मैदानात निदानरेषेपासून मध्यरेषा अवघी पावणेचार मीटर. पायाला लटकलेल्या गड्याला फरफटत नेत एखादा दांडगा पोरगा नुसती बोटं रेषेला टेकवतो आणि मग शिवलेले सगळेच बाद. त्याची वाट अडवायची कव्हरनं. कॉर्नरची झेप बघून निघालेला कव्हर उशिरा पोचतो. झेप घेण्याआधी कॉर्नरचा खांदा किंचित खाली येतो, तो ज्याला कळतो तोच वेळेवर पोचतो. हे ओळखणं एका दिवसात येत नाही.

माझा डावा कॉर्नर साळवणकडचा, कव्हर घाटाच्या अंगाच्या एका वाडीवरचा. दोघं आठवीपासून त्या वऱ्हांड्यात एकमेकांच्या आजूबाजूला उभे राहिलेले. कॉर्नर हंगामात ऊस भरायला जातो, दिवसभर मोळ्या उचलून संध्याकाळी सामन्याला येतो. कव्हर अंगानं बारीक, बोलायला तर त्याहून कमी. त्याला एकट्याला बघितलं तर कुठल्याही समितीनं बाजूला ठेवला असता. डॅश मारून गडी बाहेर फेकण्याइतकं वजन त्याच्यात नाही. पण हा बरोबर असला की कॉर्नर निर्धास्त झेप घेतो. नसला की तोच कॉर्नर बिचकतो, एक पाऊल मागं राहतो.

भातमळणी उरकली की आमच्याकडं स्पर्धा सुरू होतात. कुणाच्या स्मरणार्थ, कुठं मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त, आणि पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला गावोगावच्या म्हाईच्या, म्हणजे जत्रेच्या. माती चाळून, पाणी मारून मैदान तयार करतात, चार खांबांवर झोत लावतात, आणि ट्रॅक्सनं चार-पाच तालुक्यांतले संघ येतात. मी वही घेऊन बसतो. वहीत मी गुण लिहीत नाही, ते पंचांच्या तक्त्यावर असतातच. मी लिहितो की पकड झाली तेव्हा दुसरा हात कुणाचा होता. मैदानात किती गडी असताना झाली. चढाईपटूनं गुण आणला तेव्हा समोर सात ताजे गडी होते की गोंधळलेले तिघं. आणि आपला संघ मागं असताना, दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईला, जिथं गुण आणायचा किंवा बाद व्हायचं, तिथं कोण पुढं झाला.

जिल्हा अजिंक्यपद हीच निवड चाचणी असते. तिथं संघ संघ म्हणून खेळतात आणि आम्ही मात्र माणसं सुटी करून निवडतो. ही रीत सगळीकडचीच आहे. पहिल्या रात्री बैठकीला बसलो तेव्हा चढाईपटूंच्या नावांनीच निम्मा कागद भरला होता. २०१४ ला प्रो कबड्डी आल्यापासून प्रत्येक पोराला चढाईपटू व्हायचं आहे, आणि आमच्या जिल्ह्यात त्याला जास्तच कारण आहे. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदाच उतरला, चढाईत दोनशेवर गुण मिळवून गेला, आणि पुढच्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. आमच्या पोरांना हा आकडा पाढ्यासारखा पाठ आहे. त्याचा अभिमान मलाही आहे. एवढ्याशा वाडीतून, जिल्ह्याच्या टोकावरून असा गडी निघतो ही साधी गोष्ट नाही. पण त्यामुळं घोट्याला झेप घेणाऱ्या पोराकडं बघायला माणसं विसरली, हेही खरं आहे.

समितीत वयानं मोठे एक आबा होते. स्वतः मातीतले जुने खेळाडू, शब्दाला मान असलेले. ते म्हणाले, “मास्तर, कॉर्नर तुमचा घेऊ. वादच नाही. पण कव्हरला शिरोळकडचा पोरगा बघा की. काय डॅश आहे त्याचा! तुमचं बारकं पोरगं राज्याला टिकायचं न्हाई.”

मी म्हटलं, “आबा, डॅश चांगलाच आहे. पण आमच्या कॉर्नरच्या चौदा चांगल्या पकडींतल्या अकरांना दुसरा हात त्या बारक्याचा आहे. वही बघा. हात काढला तर कॉर्नर तोच राहणार नाही.”

“एका तालुक्याचे दोन घेतले तर बाकीचे काय म्हणतील?” दुसरे एकजण म्हणाले.

हा प्रश्न खोटा नव्हता. सगळ्यांत लहान तालुक्याचा माणूस आपलीच दोन पोरं रेटतोय, असं दिसणारच होतं. म्हणून मी उजव्या बाजूलाही तोच नियम लावा असं सांगितलं. तिकडं हातकणंगले तालुक्यातल्या एकाच मंडळाचे कॉर्नर आणि कव्हर होते, तीन वर्षं एकत्र खेळलेले. तेही जोडीनं घ्या. शिरोळचा पोरगा राखीवमध्ये असू दे, दांडग्या चढाईपटूसमोर त्याला उतरवू. यावर आबा बराच वेळ वही चाळत बसले. मग म्हणाले, “जोडी तर जोडी. पण मग चढाईवाला एक कमी होतोय.”

तो एक कमी झालेला पोरगा कोण, हा या निवडीतला सगळ्यांत जड भाग. चाचणीच्या दिवशी त्यानं सगळ्यांत जास्त गुण आणले होते. एक हनुमान उडी तर अशी मारली की सगळं मैदान उठून उभं राहिलं. पण वहीत त्याच्याबद्दल हंगामभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती. समोरचा संघ मोडलेला असला की तो गुणांची रास लावतो, आपला संघ मागं असला की बोनस घेऊन परत येतो आणि तिसऱ्या चढाईला दुसऱ्याकडं बघतो. मी त्याचं नाव खोडायला हात वर केला. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतः भेटून कारण सांगितलं. तो म्हणाला, “सर, गुण तर माझेच जास्त होते.” मी त्याला त्याच्या तिसऱ्या चढायांचं पान दाखवलं. त्यानं ते नीट वाचलं आणि काही न बोलता परत दिलं. यादी वर्तमानपत्रात लागते, कारणं लागत नाहीत. वगळलेल्या पोराला कारण कळायला हवं, आणि ते यादी करणाऱ्यानंच सांगायला हवं.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त डब्लिनला असतो. तिकडच्या गेलिक फुटबॉलबद्दल तो मला फोनवर हौसेनं सांगतो. एका बाजूला पंधरा गडी, चेंडू हातानंही घ्यायचा आणि पायानंही मारायचा. मला खेळापेक्षा त्याची बांधणी जवळची वाटली. पोरगा आपल्या गावच्या क्लबकडून खेळतो, त्यातून काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा संघ निवडला जातो, आणि पैसे कुणालाच मिळत नाहीत. गवंडी, शिक्षक, शेतकरी अशीच माणसं क्रोक पार्क मैदानातल्या ऐंशी हजारांवर प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळतात. पण काउंटीचा प्रशिक्षक हिवाळ्याच्या शेवटाला लीगच्या सामन्यांतून संघ खेळवून बघतो, कोण कुणाबरोबर जुळतं ते पारखतो, आणि मग उन्हाळ्यातल्या अजिंक्यपदाला उतरतो. आपल्याकडं जिल्ह्याची जर्सी अंगावर चढते आणि थोड्याशा सरावानंतर राज्याचा पहिला सामना. म्हणून तर जोडी आयती घ्यावी लागते. जुळवायला वेळच नसतो.

राज्य स्पर्धा मॅटवर झाली. मातीत अनवाणी खेळलेल्या पोरांना बुटांची सवय व्हायला पहिला सामना गेला, घोट्याच्या दोन पकडी हातातून निसटल्या. पण साखळीतल्या दुसऱ्या सामन्यात आम्ही तिघांवर आलो होतो, लोण डोक्यावर होता, आणि समोरच्या संघाचा सगळ्यांत उंच चढाईपटू आत आला. कॉर्नरचा खांदा खाली आला. मी बाकावरून पाहिला तोवर बारका कव्हर मध्यरेषेच्या वाटेत जाऊन उभा होता. अव्वल पकड, दोन गुण. आबा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती अजून जाणवते. उजव्या जोडीनंही तसंच काम केलं. साखळी आम्ही पार केली ती पकडीच्या जोरावर, यात शंका नाही.

बाद फेरीत हरलो ते चढाईत. आमचा मुख्य चढाईपटू उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच पकडला गेला आणि त्याला परत आत आणायला कुणाला एक गुण मिळेना. एक रिकामी, दुसरी रिकामी, तिसरीला बाद. पकड करून गडी परत आणायचा तर समोरचे हुशार, बोनसपुरते येऊन जात होते. लोण बसला तिथंच सामना गेला.

परतीच्या प्रवासात कुणीतरी म्हणालं, तो उडीवाला पोरगा असता तर? मला तसं वाटत नाही. तो ज्या परिस्थितीत वर्षभर मागं सरला होता, नेमकी तीच परिस्थिती तिथं होती. आमच्याकडं मागं असताना एक गुण आणणारा चढाईपटू कुठल्याच तालुक्यात तयार झालेला नाही, कारण गावच्या स्पर्धांत टाळ्या आणि उत्कृष्ट चढाईचं बक्षीस एकूण गुणांना मिळतं. एकाच हातस्पर्शानं बाहेर बसलेला गडी परत आणणाऱ्याला कुणी पाकीट देत नाही. म्हाईच्या स्पर्धा भरवणाऱ्या दोन मंडळांशी मी बोललो आहे. पुढच्या हंगामात तिसऱ्या चढाईतल्या गुणांसाठी वेगळं बक्षीस ठेवायला ते तयार झालेत. निवड चाचणीतही चढाईपटूंना पाच गुणांनी मागं असल्याचं धरून खेळवून बघावं, असं मी समितीला लेखी दिलं आहे. आणि गगनबावड्याला छप्पर असलेली एक जागा आणि त्यात मॅट हवी, ही मागणी मी सोडणार नाही. वऱ्हांड्यात पकड शिकता येते, चढाई शिकता येत नाही.

कॉर्नर यंदा विशीच्या बाहेर जातोय, कुमार गटातून सुटतोय. कव्हरला अजून एक वर्ष आहे. १५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी आपण कबड्डी दिन करतो, आणि आमच्याकडं तेव्हा पाऊस ऐन भरात असतो. त्या दिवसापासून नववी-दहावीतले भिंतीकडं उभे राहू शकणारे पोरगे एकेक करून मी त्या कव्हरबरोबर उभे करणार आहे. कुणाचा खांदा त्याला वाचता येतो, ते दसऱ्यापर्यंत कळेल.