पावापुरीचे कमळ
बिहारमधील नालंदा जिल्ह्यात, पावापुरी येथे, कमळांनी भरलेल्या सरोवरात शुभ्र संगमरवरी जलमंदिर उभे आहे. भगवान महावीरांच्या अग्निसंस्काराची ही भूमी. असंख्य भाविकांनी येथील चिमूट चिमूट माती श्रद्धेने नेली आणि त्या खड्ड्याचेच सरोवर झाले, अशी परंपरागत कथा आहे.

आजचा यात्रेकरू कमळाचे केवळ छायाचित्र नेऊ शकतो. ते चेनच्या लहान कापडी पाऊचवर छापून घेतले, की त्यात जपमाळ राहते, दुकानाच्या किल्ल्याही राहतात. कमळ हे सहावे तीर्थंकर भगवान पद्मप्रभ यांचे लांछन. कमलपत्रावर पाणी ठरत नाही. व्यवहारात राहूनही अलिप्त असावे, ही खूण किल्ली काढताना रोज दिसते. सरोवरातील फूल मात्र देठावरच उमललेले राहते.