घाबरट

माझी लेक सात वर्षांची आहे. घसरगुंडीवर चढायच्या आधी ती खाली उभी राहून पाच-सहा मुलं घसरताना बघते. सरकत्या जिन्यापाशी एक पायरी जाऊ देते, दुसरी जाऊ देते, मग माझा हात घट्ट धरून पाय टाकते. मागचे लोक वैतागतात. मीही कितीदा म्हणालोय, "चल गं, काही होत नाही. घाबरट कुठली!"

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी चौदा वर्षं सकाळची फास्ट पकडतोय. दारात एक पाय टेकला आणि दांड्याला हात पोचला, की जागा मिळाली असं आम्ही धरतो. मुंब्र्याच्या वळणावर गाडी कलली की आत रेलायचं, हेही अंगवळणी पडलंय. चौदा वर्षांत मला काही झालं नाही, म्हणजे ते सुरक्षित. घरी मात्र लेकीला एकटीला खाली सायकल चालवू देत नाही आणि तिघांना एका स्कूटरवर बसवून बिनधास्त बाजारात जातो.

९ जून २०२५ला, सोमवारी सकाळी, त्याच मुंब्र्याच्या वळणावर कसाऱ्याकडे जाणारी आणि सीएसएमटीकडे जाणारी अशा दोन गाड्या शेजारून गेल्या. दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. चौघं त्याच दिवशी गेले. नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवू, असं रेल्वेने जाहीर केलं.

मी त्या दिवशी रजेवर होतो. टीव्हीवर बातमी चालू असताना लेकीने विचारलं, "बाबा, तू पण दारात उभा राहतोस?"

"हो."

"मग आज पडणार नाही, हे तुला कसं कळतं?"

"रोजच उभा राहतो गं," एवढंच मला सुचलं. ती गप्प बसली. तिला ते पटलं नव्हतं, आणि बोलून झाल्यावर मलाही पटलं नाही. ती प्रत्येक वेळी नव्याने बघते. मी बघणं कधी सोडलं, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासारखं करायचं ठरवलं. भरलेल्या तीन गाड्या सोडल्या. चौथीही तशीच आली. ऑफिसात लेटमार्क लागला. तीन लेटमार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. शुक्रवारी मी पुन्हा दारात होतो.

आता ती सरकत्या जिन्यापाशी थांबली की मी तिच्या मागे उभा राहतो आणि मागच्यांना म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे." घाबरट हा शब्द मी बंद केलाय.

संध्याकाळी दार उघडताच ती विचारते, "आज आत होतास?"

कधी कधी खरंच आत असतो. बाकीच्या दिवशीही "हो" म्हणतो आणि बूट काढायला खाली वाकतो.