जुन्या यंत्रांतील सोळा बिऱ्हाडें

बी. बी. सी. मायक्रो हा घरगुती संगणक केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें १९८१ सालीं काढिला. १९८४-८५ सालीं सरकारी योजनेंतून तो आपल्या देशांतील शाळांतही आला. आमचा पुतण्या हल्लीं त्या यंत्रासाठीं वाढीव बोर्ड तयार करतो. ‘मोडींतल्या यंत्रावर हा खटाटोप कशाला?’ असें घरांतील मंडळी पुसतात.

त्यांतील खुबी अशी. ह्या यंत्राच्या ६५०२ प्रोसेसरास अवघे ६४ किलोबाइटांचे पत्ते मोजतां येतात. म्हणून त्यांतली १६ किलोबाइटांची एक खोली राखून ठेविली आहे. तींत सोळा चिपांचीं बिऱ्हाडें आळीपाळीनें नांदूं शकतात, एका वेळीं एकच. मूळ यंत्रांत मात्र जागा चारांचीच. उरलेल्या बारांची सोय असा बोर्ड करतो.

हें घरबसल्या साधतें, कारण कर्त्यांनीं यंत्राबरोबरच्या पुस्तकांतच त्याच्या विद्युन्मंडलाचा नकाशा छापून दिला होता. सूत्र उघडें राहिलें, म्हणून भाष्यकार निपजले. आजचीं बहुतेक यंत्रें मोहोरबंद येतात. बिघडलीं कीं टाकावीं. विद्या झांकून ठेवणारा मागें केवळ भंगार ठेवितो, असें आम्हांस वाटतें. पुतण्याच्या मेजावरील सोल्डरचा धूर म्हणूनच आम्ही आनंदानें सोसतों.